सगळं क्लिअर आहे

इंग्रजी शब्दांशी माझं भांडण नाही. टेबल, पेन, व्हाउचर आणि सस्पेन्स अकाउंट यांच्यावाचून माझा दिवस सुरू होत नाही आणि संपतही नाही. टेबलाला मेजच म्हणावं असा आग्रह धरणारे आमचे एक शेजारी होते. म्हणजे अजून आहेत, पण 'मेज' हा शब्द फारशी आहे असं मी सांगितल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. तर वैर असलंच तर ते एकाच शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे 'क्लिअर'.

हे गृहस्थ मूळचे लॅटिन. अर्थ स्वच्छ, उजळ. तिथून फ्रेंचमध्ये, फ्रेंचमधून इंग्रजीत आणि पुढे साहेबाच्या सामानाबरोबर आपल्याकडे. एवढा प्रवास केल्यावर कुणीही मळतोच! खुद्द इंग्रजीतसुद्धा त्याचं वागणं मला कधीच सरळ वाटलेलं नाही. विशेषण असताना त्याचा अर्थ 'नीट दिसणारा'. क्रियापद झाला की अर्थ 'नाहीसं करणे'. साहेब ताटं क्लिअर करतो म्हणजे उचलतो, जंगल क्लिअर करतो म्हणजे तोडतो. जे लख्ख दिसतं तेही क्लिअर आणि जे दिसेनासं केलं तेही क्लिअर. अशा माणसाला आमच्या बँकेत कुणी जामीन म्हणून उभं करणार नाही.

पण मराठीत त्याला आपण काय काय कामं दिली पाहा. पूर्वी आकाश निरभ्र असे, पाणी नितळ असे, रस्ता मोकळा असे, शंका फिटत असे, मुलगा परीक्षेतून पार पडत असे आणि पोटाबद्दल चारचौघांत बोलायचं झालं तर 'कोठा साफ' असे. आता हे सगळं क्लिअर होतं. सकाळी सौ. विचारते, "पोट क्लिअर झालं का?" त्याच सुरात चिरंजीव आतून ओरडतात, "बाबा, माझा डाऊट क्लिअर करा." अर्धा डझन जुनी माणसं काढून त्यांचं काम एकाच्या गळ्यात घालायचं, हा प्रकार बँकेत मी डोळ्यांनी पाहतो आहे. तो एकजण सगळी कामं करतो आणि एकही नीट करत नाही.

यात माझं स्वतःचं पाप मोठं आहे. चेकसाठी मराठीत 'वटणे' असं एक झकास क्रियापद आहे. हुंडी वटते, चेक वटतो. न वटला तर तो 'न वटलेला चेक'. सगळा मामला दोन अक्षरांत मिटतो. पण गेली वीसबावीस वर्षं काउंटरवर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला मी "क्लिअरिंगमध्ये आहे" असंच सांगत आलो. (ही क्लिअरिंगची पद्धत अठराव्या शतकात लंडनच्या बँकांच्या कारकुनांनी काढली. दारोदार चेक घेऊन हिंडण्यापेक्षा ते एका गुत्त्यात जमून आपसांत अदलाबदल करू लागले. कारकून जमातीच्या हातून जगाचं कल्याण झाल्याची ही मला ठाऊक असलेली एकमेव नोंद आहे, म्हणून इथे केली.) हल्ली चेक स्वतः कुठेच जात नाही, त्याचं नुसतं चित्र जातं. तरी गिऱ्हाइकाला वाटेला लावायला "क्लिअरिंगमध्ये आहे" यासारखं औषध नाही. ऐकणाऱ्याला काहीही कळत नाही आणि तो समाधानाने घरी जातो.

मलाही या शब्दाचं असं औषध म्हणूनच कौतुक होतं. ते उतरलं रिह्याला.

रिहे हे माझं आजोळ. पुण्याहून पौड रस्त्याने पिरंगुट, घोटवडे फाटा आणि तिथून आत रिहे खोऱ्यात. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिथे जायचो तेव्हा ते फार लांब होतं. मग हिंजवडीला कॉम्प्युटरवाले आले आणि हिंजवडी जागची न हलता रिह्याच्या जवळ आली. जिथे आंबेमोहोर आणि इंद्रायणी पिकायचा, त्या खाचरांना 'साइट' म्हणू लागले.

एका शनिवारी रात्री मामांचा फोन आला. "आरं, तू बँकेतला ना? मग सांग, किलेर म्हंजी काय?"

"कशाचं क्लिअर, मामा?"

"त्येच तर कळंना. एक जण मोटार घेऊन येतोय. म्हंतो, मामा, समदं किलेर हाय. उद्या परत येनार. तू ये."

गेलो. ओसरीवर एजंट बसले होते. पांढरा शर्ट, दोन मोबाईल, वागायला अतिशय गोड. ते बोलू लागले आणि मी सवयीने बोटांच्या पेरांवर मोजू लागलो. अर्ध्या तासात सतरा वेळा. "मामा, टायटल क्लिअर. रोड क्लिअर. पार्टी एकदम क्लिअर. पेमेंट क्लिअर. मोजणी क्लिअर करून घेऊ. तुम्ही फक्त माइंड क्लिअर करा."

मी म्हटलं, "साहेब, मामांना इंग्रजी कळत नाही. तेवढं एकेक मराठीत सांगाल का?"

ते हसले. मग थांबले. मराठी त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, अडचण तीच होती.

"रोड क्लिअर म्हणजे?"

"म्हणजे... होणार आहे."

"पार्टी क्लिअर?"

"म्हणजे पार्टी मोठी आहे. नाव आत्ता सांगता येणार नाही."

"आणि पेमेंट?"

"थोडं आत्ता, बाकीचं हप्त्याने. प्लॉट जातील तसं."

"टायटल?"

"ते तर क्लिअरच आहे हो! इतर हक्कात तेवढी एक बहीण दिसते. हक्कसोडपत्र घेऊन ती क्लिअर करून टाकू. जुनी बाई आहे, साडीचोळी केली की अंगठा देईल."

ओसरीवर शांतता पसरली. कारण ती बहीण म्हणजे माझी आई. बत्तीस वर्षं तिने प्राथमिक शाळेत शिकवलं. तिने आयुष्यात कधी अंगठा दिला नाही, हजारो पोरांना अंगठे धरायला लावले.

सात-बारा पुढ्यातच होता. मी वाचला. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा आणि आमची मातोश्री, अशी तिघं एकाखाली एक नांदत होती. १९५६ च्या वारसा कायद्याने बापाच्या मागे मुलीलाही वाटा दिला. २००५ च्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या बरोबरीला आणून बसवलं. पण गावोगावच्या कागदांवर बहिणी अजून 'इतर'मध्ये, कर्जाच्या शेजारी, क्लिअर व्हायची वाट पाहत उभ्या आहेत. "बहिणीचं नाव उडवायचं आहे" असं मराठीत म्हणायला त्या एजंटाची जीभ अडखळली असती. मामांच्या कानाला ते बोचलं असतं. 'क्लिअर' म्हटल्यावर दोघांचीही सोय झाली.

माझा राग आहे तो या सोयीवर. याच मुळशी तालुक्यात १९२१ साली, धरणाखाली जमिनी जाऊ नयेत म्हणून सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह झाला. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. जान फारशी, जमीनही फारशी. पण तिचा अर्थ विचारायला कुणाला बँकेतला भाचा बोलवावा लागला नाही. आता त्याच तालुक्यात जमीन विकताना अशी बोली चालते, की विकणाऱ्याला आपण काय देतो आणि काय घेतो हेच उमगू नये.

मी मामांकडे पाहिलं. मामा गोठ्याकडे पाहत होते. आईला यातलं काही कळवलं होतं का, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर तेवढ्या वेळात माझ्यातल्या बी. कॉम.नेही एकूण गुंठे भागिले दोन गुणिले चालू भाव असा हिशेब मनातल्या मनात करून टाकला होता. तेव्हा मामांना बोलायला मला तोंड नव्हतं.

शेवटी मामाच म्हणाले, "ती किलेर व्हायची न्हाई. तिलाच इथं बोलावतो. तिच्यासमोर बोला काय त्ये."

एजंट उठले. जाताना म्हणाले, "हरकत नाही. फॅमिलीत क्लिअर झालं की फोन करा." अठरा.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने चष्मा पुसला आणि विचारलं, "माझ्या नावाचा ऱ्हस्व-दीर्घ तरी बरोबर लिहिलाय का?" नव्हता लिहिला. मग पुढच्या रविवारी तीच गेली रिह्याला, लाल पेन घेऊन.

मी मात्र सोमवारपासून काउंटरवर मराठीत बोलायचं ठरवलं. पहिलेच गिऱ्हाईक पेन्शनर आजोबा. म्हणाले, "साहेब, माझा चेक क्लिअर झाला का?"

मी अभिमानाने म्हटलं, "वटला, आजोबा."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. काउंटरची कड घट्ट धरून ते म्हणाले, "अरे देवा! म्हणजे बाउन्स?"

मी त्यांना आधी पाणी दिलं. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच म्हटलं, "नाही हो. क्लिअर झाला."