ओल्या अंथरुणाचे अर्थशास्त्र

गेले दीड वर्ष मी पक्षाच्या बैठकांना आलो नाही. काही साथींनी त्याचा अर्थ मतभेद असा लावला, काहींनी निवृत्तीनंतरचे शैथिल्य असा लावला, आणि एका तरुण मित्राने ‘सर आता संसारात रमले’ असे म्हटल्याचेही कानावर आले. खरे कारण याहून पुष्कळच साधे आहे. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर माझा लघवीवरचा ताबा पूर्ववत झाला नाही. खोकला आला, मांडी मोडून उठलो, मनापासून हसलो, की कपडे ओले होतात. तीन तासांच्या बैठकीत सतरंजीवर बसायचे आणि उठताना मागे डाग राहिला काय हे चोरून पाहायचे, यापेक्षा घरी बसणे मी पत्करले.

हे छापून येणार आहे या कल्पनेने मला संकोच वाटत नाही असे नाही. परंतु आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवल्यानंतर एक गोष्ट मला या दीड वर्षात कळली, जी एकाही पाठ्यपुस्तकात नव्हती. संकोच ही केवळ मनाची अवस्था नव्हे. ती एक आर्थिक व्यवस्था आहे. ज्या खर्चाबद्दल बोलण्याची लाज वाटते, तो खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाही. पण तो कोणाला तरी भरावा लागतोच. तो कोण भरते आणि कोण भरायचे टाळते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हे दुखणे माझ्या एकट्याचे नाही. चार-पाच बाळंतपणांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेली शेतमजूर स्त्री, ‘अंग बाहेर येते’ हे नवऱ्यालाही न सांगणारी तिची जाऊ, मधुमेहाने नसा निकामी झालेला निवृत्त एस. टी. वाहक, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला माग कामगार ही सारी एकाच रांगेत उभी आहेत. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेली माणसे देशात दहा कोटींहून अधिक होती. त्यानंतर ती वाढलीच आहेत. आयुर्मान वाढले याचा अभिमान राज्यकर्ते मिरवतात. वाढलेली वर्षे कोरडी जाणार की ओली, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

आता थोडे गणित करू. मोठ्यांच्या एका डायपरची किंमत करापूर्वी ३० रुपये धरू. त्वचा शाबूत ठेवायची तर दिवसाला किमान तीन लागतात, म्हणजे महिन्याला ९० नग आणि २,७०० रुपये. निराधार वृद्धाला श्रावणबाळ योजनेतून मिळणारे निवृत्तिवेतन २०२३ साली १,००० वरून १,५०० रुपये झाले. त्यात केंद्राचा वाटा ऐंशी वर्षांखालील वृद्धासाठी २०० रुपये. २००७ साली इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजना सुरू झाली तेव्हाही तो २०० रुपयेच होता. ज्यांनी उमेदीची वर्षे कारखान्यात घालवली त्या कामगारांना भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून मिळणारे किमान निवृत्तिवेतन २०१४ सालापासून १,००० रुपयांवर अडकून पडले आहे. म्हणजे ज्याने अन्न सोडले, औषध सोडले, विजेचे बिल सोडले, त्यालाही महिनाभर कोरडे राहणे परवडणार नाही.

आणि या खरेदीवर सरकार करही घेते. सॅनिटरी नॅपकिनवरील वस्तू व सेवा कर स्त्रियांच्या चळवळीच्या रेट्यामुळे जुलै २०१८ मध्ये शून्यावर आला. तो न्याय्यच होता. परंतु त्याच प्रकरणात मोडणाऱ्या मोठ्यांच्या डायपरवर पुढेही सात वर्षे १२ टक्के कर चालू राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्के झाला. वरच्या हिशेबाने पूर्वी महिन्याला ३२४ रुपये कर द्यावा लागे, आता १३५ रुपये द्यावे लागतात. १,५०० रुपयांच्या निवृत्तिवेतनाच्या तुलनेत हे नऊ टक्के झाले! एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने माणसाच्या ओल्या अंथरुणातून काढून घ्यायचे, याला कल्याणकारी राज्य म्हणायचे काय? याच कोल्हापुरात रस्त्यावरच्या टोलविरुद्ध एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली सारे शहर उठले आणि शासनाला तो टोल रद्द करावा लागला. माणसाच्या मूत्राशयावर बसवलेल्या या टोलविरुद्ध मात्र एकही मोर्चा निघालेला नाही.

तथापि, कर शून्य केला की प्रश्न सुटेल, असे मानण्याइतका मी भोळा नाही. वस्तू करमुक्त केली की उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो भार किमतीत मिसळतो आणि ग्राहकाच्या पदरी अपेक्षेपेक्षा कमी पडते. बाजाराला नुसते हळूच ढकलून गरिबाच्या दारात वस्तू पोचत नाही. त्यासाठी सार्वजनिक पुरवठाच लागतो, आणि तो अशक्य नाही याचा दाखला सरकारनेच दिलेला आहे. जनऔषधी केंद्रांतून २०१९ सालापासून सॅनिटरी नॅपकिन एक रुपयाला मिळते. मोठ्यांचे डायपर त्या केंद्रांच्या यादीत आहेत, बाजारापेक्षा स्वस्तही आहेत. पण रुपयाच्या जवळपासही नाहीत. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ सालापासून पासष्टीपुढच्या गरिबाला साहित्यासाठी ३,००० रुपये एकदाच मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची यांसाठी ते उपयोगी आहेत. परंतु चष्मा एकदा घेतला की काही वर्षे पुरतो. लघवी रोज होते!

परवडत नाही तेव्हा माणसे काय करतात? आमच्या पेठेत एका गच्चीवर मी वापरलेले डायपर दोरीवर वाळत घातलेले पाहिले. ते पुन्हा वापरले जाणार होते. त्यातून मांड्यांना चट्टे पडतात, कातडी सोलते, जखमा चिघळतात आणि वाचवलेल्या शंभर रुपयांपोटी पुढे हजारो रुपये दवाखान्यात जातात. याहून घातक काटकसर म्हणजे पाणी पिणे बंद करणे. दुपारनंतर घोटभरही पाणी न घेणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या मला माहीत आहेत. त्यामुळे लघवी दाट होऊन मूत्राशयाला अधिक टोचते, बद्धकोष्ठ होतो, जंतुसंसर्ग होतो आणि गळणे वाढते. गरीब माणूस येथे पैशाऐवजी स्वतःचे शरीर खर्च करतो.

यावर एक ठरलेले उत्तर येते: ‘पूर्वी कुठे होते हे डायपर? जुने धोतर, जुने लुगडे आणि खाली मेणकापड, एवढ्यात आपल्या आज्या-पणज्यांचे भागले.’ या उत्तरात अर्धे सत्य आहे आणि अर्धी लबाडी आहे. सत्य असे की कापड खरोखरच उपयोगी आहे. मी स्वतः दिवसा घरी चार पदरी सुती कापड आणि त्यात टॉवेलचा तुकडा वापरतो. विकतचे डायपर रात्रीसाठी आणि प्रवासासाठी राखून ठेवतो. कापड आधी गार पाण्यात खळबळून मग साबणाने धुवावे, कडक उन्हात वाळवावे. अंग प्रत्येक वेळी धुऊन, टिपून, खोबरेल किंवा व्हॅसलिन लावावे. एवढे सांभाळले तर महिन्याचा खर्च निम्म्याहून खाली येतो. हे मी अनुभवाने सांगतो.

आणि लबाडी कोठे आहे? ‘भागले’ या क्रियापदात. कोणाच्या हातांनी भागले? पहिले तीन महिने माझे कपडे माझी पत्नी धूत होती. स्त्रीच्या बिनमोल श्रमांवर मी महाविद्यालयात आणि शिबिरांत किती व्याख्याने दिली असतील याची गणती नाही. पण पहाटे न्हाणीघरातून येणारा धोपटण्याचा आवाज ऐकत मी अंथरुणात पडून राहिलो. एके दिवशी तिने काही न बोलता साबणाची वडी माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून ते काम माझे आहे. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७ मिनिटे. ‘कापड स्वस्त आहे’ या विधानाचा पाया हा फरक आहे. कापड स्वस्त नाही; धुणारी फुकट आहे.

इचलकरंजीत एका जुन्या माग कामगार साथीला मी मध्यंतरी भेटून आलो. पक्षाघाताने त्याची उजवी बाजू गेली आहे. त्याने आयुष्यभर विणलेले कापड पृथ्वीच्या कोणत्या टोकाला गेले असेल सांगता येत नाही. आज त्याच्या अंगाखाली घालायला घरात पुरेशी जुनी लुगडी उरलेली नाहीत, कारण सून गाऊन आणि सिंथेटिक साडी नेसते आणि ते कापड पाणी शोषत नाही. गावाला नळाचे पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते. श्रावणात वाकळ वाळत नाही. सून सकाळी शिलाईकामाला जाण्यापूर्वी साठवलेल्या पाण्यात हे सारे धुते. ज्या गावात १९०४ सालापासून यंत्रमाग चालतात, त्या गावातल्या विणकराला कोरडे कापड मिळू नये, याहून आपल्या अर्थव्यवस्थेवर कठोर टीका मला करता येणार नाही.

आता पक्षातल्या साथींच्या आक्षेपाकडे वळतो. ‘हा वैद्यकीय प्रश्न आहे, घरगुती प्रश्न आहे, राजकीय नव्हे,’ असे एका ज्येष्ठ साथींनी मला तोंडावर सांगितले. मी त्यांना इतिहासाची आठवण दिली. नळाला पाणी नाही हाही एके काळी घरगुती प्रश्नच होता. मृणाल गोरे यांनी तो राजकीय केला. १९७२ नंतर महागाईविरुद्ध स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या तेव्हा स्वयंपाकघर राजकारणात आले. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून ज्या गोष्टी उच्चारायच्या नाहीत त्या उच्चारल्या आणि त्याची किंमत मोजली. मुंबईत २०११ मध्ये स्त्रियांसाठी मोफत व स्वच्छ मुताऱ्या मागणारी ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली, तेव्हा तिच्या नावालाच हसणारे पुष्कळ होते. जो प्रश्न उच्चारताना सभ्य माणसे हसतात, त्याच्याखाली बहुधा कोणीतरी चिरडलेले असते.

शिवाय हा प्रश्न वैद्यकीय आहे असे म्हणून तो डॉक्टरांवर सोपवावा, तर डॉक्टरांकडे जाते कोण? पुष्कळांचे दुखणे उपचाराने कमी होणारे असते. जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, मधुमेह, रक्तदाबासाठी दिलेल्या लघवीच्या गोळीची वेळ, अशी कारणे सापडली की अर्धे काम होते. अंग बाहेर येणाऱ्या स्त्रीला साधी रिंग बसवूनही आराम पडू शकतो. लघवीतून रक्त गेले किंवा ताबा अचानक गेला, तर मात्र एक दिवसही थांबू नये. ठरावीक वेळाने, लागो न लागो, जाऊन येण्याची सवय लावली तर मूत्राशय पुन्हा शिस्तीत येतो. आर्नल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. लघवी रोखताना जे स्नायू आवळतात ते पाच-दहा सेकंद आवळायचे, तितकाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. (प्रत्यक्ष लघवी करताना मात्र नव्हे.) त्याला पैसा लागत नाही, चिकाटी लागते, फरक दिसायला काही महिने जातात. तालमींच्या या शहरात, जेथे शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारले, तेथे शरीरातल्या प्रत्येक स्नायूची मेहनत शिकवणारे वस्ताद मिळतात. या एका स्नायूला तेवढा वस्ताद नाही!

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. मोठ्यांच्या डायपरवरील कर रद्द करावा. परंतु तेवढ्यावर थांबू नये. श्रावणबाळ व संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थ्यांना, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून, दरमहा साहित्य विनामूल्य द्यावे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत तपासणीनंतर असे पॅड विनामूल्य दिले जातात. इचलकरंजीचे सुती कापड घेऊन महिला बचत गटांकडून धुता येणारे पॅड शिवून घ्यावेत आणि त्यांना रास्त शिलाई द्यावी. प्रत्येक प्रभागात सार्वजनिक धुलाई केंद्र काढावे, म्हणजे स्वस्त कापडाचा भार सुनेच्या मनगटावर पडणार नाही. आणि वापरलेले डायपर उचलणाऱ्या सफाई कामगाराचा विचार व्हावा. प्रत्येक डायपरसोबत ते गुंडाळून टाकण्याचे वेष्टन द्यावे असे उत्पादकांना २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले होते. ती वेष्टने आमच्या गल्लीतल्या कचऱ्यात मला तरी दिसलेली नाहीत.

साथींनो, सरकारकडे मागण्याआधी एक गोष्ट आपल्या हातातली आहे. आपल्या बैठका तीन-तीन तास अखंड चालतात. सभागृह निवडताना मुतारी कोठे आहे हे कोणी पाहत नाही. किती जुने कार्यकर्ते, किती स्त्रिया एवढ्यासाठी यायच्या थांबल्या, याची नोंद आपल्याकडे नाही. आपण त्यांना ‘निष्क्रिय’ म्हणून यादीतून वगळतो. तासाभराने दहा मिनिटांची सुटी, दाराजवळ खुर्च्या, जवळच स्वच्छतागृह, यासाठी कोणत्याही अधिवेशनाच्या ठरावाची गरज नाही. आपापल्या वॉर्डात अशा दहा घरी जा आणि विचारा. पहिल्या घरात नाही म्हणतील; तुम्ही माझे नाव सांगितलेत, तर कदाचित बोलतील.

पुढच्या बैठकीला मी येणार आहे. पिशवीत एक धोतराची घडी असेल. मध्येच उठून गेलो तर तो सभात्याग समजू नये.