'आधी'च्या फोटोतली ती

हल्ली मोबाईल उघडला की एकच बाई दोनदा दिसते. डावीकडे ती जरा सुटलेली, सैल टी-शर्ट, केस कसेबसे बांधलेले, चेहरा पडलेला. उजवीकडे तीच, कमरेवर हात, पोट सपाट, तोंडभर हसू. खाली ठळक अक्षरांत 'फक्त नव्वद दिवसांत!' आपण सगळ्या उजवीकडचीला बघतो. मला मात्र डावीकडचीबद्दल बोलायचंय.

तिला झालंय तरी काय, सांगा बघू? दोन बाळंतपणं, नोकरी, सासूबाईंची औषधं, मुलांचे क्लास हे सगळं निभावणाऱ्या कुठल्याही बाईसारखीच ती दिसते. लोकलच्या लेडीज डब्यात, शाळेच्या फाटकापाशी, हळदीकुंकवाला आपण बहुतेक जणी तशाच तर असतो. पण त्या फोटोत ती 'आधी' असते. म्हणजे दुरुस्तीला काढलेली! फिटनेसच्या या सगळ्या बाजारात मला सर्वांत जास्त खटकतं ते हे, की धडधाकट, कामाच्या शरीरालाही 'आधी' ठरवून टाकलं जातं.

बारीक असावं ही हौस काही आजची नाही म्हणा. 'गोरी, सडपातळ' ही स्थळांच्या जाहिरातीतली जोडी आपल्या आयांनीही वाचली होती. २००८ मध्ये 'टशन' आला तेव्हा करिनाच्या 'साइझ झीरो'वर किती चर्वितचर्वण झालं! पण ती नटी. तिला ट्रेनर, तिला आहारतज्ज्ञ, तिचा तो व्यवसाय, असं म्हणून आपण मोकळ्या होत होतो. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ इन्स्टाग्रामवर रील्स सुरू झाले आणि ही पळवाट बुजली. आता समोर असते ती आपल्यातलीच कुणीतरी. मराठीत बोलते, संक्रांतीला तिळाचे लाडू करते आणि दुसऱ्या रीलमध्ये वजनं उचलते. तिला जमलं, मग तुला का नाही? शिवाय शब्दही बदललाय. 'बारीक हो' म्हटलं तर आपण भांडलो असतो. 'फिट हो' म्हटल्यावर कशाला भांडणार?

पण यातून प्रेरणा मिळते ना, असं पुष्कळ जणी म्हणतात. मिळते, खरंच मिळते. ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्रज्ञ मरिका टिगेमन यांनी एका सहकाऱ्यासोबत केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही विद्यार्थिनींना असे फिटनेसचे फोटो दाखवले, काहींना प्रवासाचे. फिटनेसचे फोटो पाहिलेल्या मुलींना व्यायाम करावासा जास्त वाटला. पण त्यांचा मूड उतरला आणि स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजीही वाढली. पुढे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात फोटो दाखवल्यावर मुलींना ट्रेडमिलवर चालायला लावलं. फिटनेसचे फोटो पाहिलेल्या मुली इतरांपेक्षा जास्त काही चालल्या नाहीत, दमल्यासारखं मात्र त्यांना जास्त वाटलं. म्हणजे बघा, उत्साह मनातच राहिला, अंगात आली ती नुसती मरगळ!

आणि कंपनीला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने फेसबुकच्या अंतर्गत पाहण्यांचे कागद उजेडात आणले. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांतल्या ३२ टक्के जणींनी इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं, असं सांगितलं होतं. एका व्हिडिओवर आपण चार क्षण जास्त थांबलो की तसेच आणखी दहा पुढ्यात येतात. ज्या मुलीच्या मनात आधीच सल आहे, ती थांबणारच की.

बरं, ते फोटो तरी किती खरे? ओटीपोट पुढे काढून, जेवणानंतर, समोरून सपाट उजेडात एक फोटो घ्या. मग सकाळी उपाशीपोटी, श्वास आत ओढून, कमरेच्या वर चढणारी लेगिंग घालून, बाजूने उजेड घेऊन दुसरा घ्या. नव्वद दिवस कशाला, एक रात्र पुरते.

माझ्या ओळखीत दहावीतली एक मुलगी आहे. तिने आधी भात सोडला, मग पोळी, मग तेल. घरी येणारा जाणारा 'किती छान फिट झालीस गं!' म्हणायचा, आईही सुखावायची. तीन महिने पाळी आली नाही तेव्हा कुठे डॉक्टर गाठला. खाणं कमी आणि व्यायाम भरपूर असं झालं की शरीर पाळीचा खर्च आधी वाचवतं, हाडंही ठिसूळ व्हायला लागतात. खेळाडू मुलींच्या बाबतीत हे डॉक्टरांना कित्येक वर्षं माहीत आहे. आता ते बेडरूममध्ये मोबाईल टेकवून व्यायाम करणाऱ्या मुलींपर्यंत आलंय. त्यात आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळलेला. पोटावरच्या सहा वड्या दिसतात, हिमोग्लोबिन कुणाला दिसतं?

व्यायामाला माझा विरोध नाही हं. उलट बायकांनी वजनं उचलावीत हे आपल्याकडे कुणी ठणकावून सांगत नव्हतं, ते यातल्याच काही जणींनी सांगितलं. पाळी गेल्यानंतर हाडांसाठी त्याचा फार उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम सुचवते. त्यात कमरेचं माप कुठेच नाही.

नॉर्वेने २०२१ मध्ये कायदा केला, की जाहिरातीत शरीराचा फोटो बदलला असेल तर तसं छापायचं. आपल्याकडे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन मंडळाने, 'अ‍ॅस्की'ने, ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं, की पैसे घेऊन आरोग्याचा सल्ला देणाऱ्यांनी आपली पदवी दाखवावी. ती शोधायची सवय मात्र आपल्यालाच लावून घ्यावी लागेल. आणि घरात वयात आलेली मुलगी असेल, तर डबा भरलेला परत येतोय का आणि पाळीची तारीख किती लांबली, एवढं गाजावाजा न करता बघत जा. ती बारीक दिसतेय म्हणून कौतुक करायच्या आधी.