कवळीवरील अदृश्य थर

वृद्धांच्या तोंडांत कवळीखालीं टाळूवर लाली येते, आग होते. डॉक्टर बुरशीनाशक औषध देतात, चार दिवस बरें वाटतें, आणि महिना उलटतो न उलटतो तों तेंच दुखणें पुनः उभें राहतें. आमच्या वाशीमकडील वडीलधाऱ्या मंडळींची ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतों. दोष मात्र औषधाच्या माथीं मारला जातो.

या विकाराचें प्रमुख कारण कॅन्डिडा आल्बिकन्स नांवाचें किण्व, म्हणजे यीस्ट, होय. तें पुष्कळ निरोगी मुखांतही निरुपद्रवीपणें राहतें. लाळेंत सुट्या तरंगणाऱ्या त्याच्या पेशी अल्प औषधानें आटोक्यांत येतात. परंतु कवळीच्या प्लास्टिकवर त्या एकदां चिकटल्या कीं धागे पसरवितात आणि स्वतःभोंवतीं चिकट द्रव्य रचतात. पद्मतीर्थाच्या काय किंवा कोणत्याही जुन्या तळ्याच्या काय, पायऱ्यांवर शेवाळ धरलें म्हणजे पाणी कितीही ढवळलें तरी तें सुटत नाहीं. तेथें खराटाच लागतो. तसेंच हें.

ग्लासगो विद्यापीठांतील हॉसर व डग्लस यांनीं १९९५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॅथेटरच्या चकत्यांवर असा थर वाढविला. त्याची जीवनक्रिया निम्म्यावर आणण्यास सुट्या पेशींच्या मानानें पांच ते आठ पट औषध लागलें. कारणें अनेक आहेत : चिकट द्रव्यांतील ग्लुकन औषधास वाटेंतच अडकवितें, आरंभींच्या थरांतील पेशी आंत आलेलें औषध बाहेर फेंकतात, आणि कांहीं सुप्त पेशी साऱ्या माऱ्यांतून वांचून वसाहत पुनः वसवितात. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्यें १९६० च्या दशकांत डॉ. थिरुमलाचार प्रभृतींनीं हॅमायसिन हें बुरशीनाशक शोधलें, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट खरी; पण घांसण्याचें काम कोणतेंही औषध करीत नाहीं.

म्हणून कवळी रात्रीं काढून ठेवावी. रोज मऊ ब्रशानें व साबणानें आंतून-बाहेरून घांसावी, उकळूं नये. आणि दंतवैद्याकडे जातांना ती बरोबर न्यावी. मधुमेहाची तपासणी करून घ्यावी. जुनी चिठ्ठी दाखवून फ्लुकोनाझोलच्या गोळ्या परस्पर आणूं नयेत. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम तें धोकादायकपणें वाढवितें.

ज्यांचे हात कांपतात त्यांच्याकडून कवळी नीट घांसली जात नाहीं, आणि संकोचामुळें ते दुसऱ्याच्या हातीं ती देतही नाहींत. आजोबा भाकरी सोडून पेजेवर राहूं लागले, तर घरांतील कर्त्या माणसांनीं त्याचें कारण विचारावें आणि संध्याकाळीं तें काम आपण होऊन हातीं घ्यावें.