चिकूची गुरगुर आणि आपला परिग्रह



गेल्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. उत्तम आकिंचन्याचा दिवस होता. प्रवचन ऐकून बिबवेवाडीच्या घरी आले, तर आमचा चिकू सोफ्याखाली मोजा पंजाखाली दाबून बसलेला. धाकट्याने तो ओढायला हात घातला आणि चिकूने त्याच्या बोटाला दात लावले. रक्त आले.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुतली. हळद, चुना काही लावले नाही. थेट डॉक्टरांकडे गेलो. चिकूला रेबीजची लस दिलेली आहे, तरीही. घरचा कुत्रा असला तरी यात हयगय नको.

संध्याकाळी घरात सभा भरली. सासूबाई म्हणाल्या, "तरी मी सांगत होते, कुत्रं नको." दीर म्हणाले, "चार फटके द्या, सुतासारखा सरळ होईल." शेजारच्या काकांनी कात्रजच्या घाटात सोडून यायला सांगितले. खरे सांगते, त्या रात्री मीही डळमळले होते. लेकराचे बोट बघून कोणती आई डळमळणार नाही?

पण सकाळी सामायिकाला बसले आणि आठवले, सुरुवात आम्हीच केली होती. चिकू पिल्लू असताना "मालक कोण ते कळू दे" म्हणून आम्ही त्याचे भांडे जेवता जेवता उचलायचो. तोंडातली वस्तू हिसकावायचो. माणूस जवळ आला की आपले जाते, हे त्याला आम्हीच शिकवले. तो गुरगुरला की रागवायचो. गुरगुर म्हणजे त्याचे "लांब राहा" असे सांगणे. ते बंद पाडले, तर कुत्रा न सांगता चावतो. आमच्याकडे नेमके तेच झाले.

मारणे हा उपाय नाही, असे माझे ठाम मत आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ म्हणतो. त्यात बांधणे, मारणे आहे आणि अन्नपाणी अडवणेही आहे. ते मुक्या जिवांनाही लागू आहे ना? आणि घाटात सोडून येणे? उपाशी मरायला जनावर टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

मग केले काय? आधी जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून घेतले, कारण दात किंवा कान दुखत असला तरी कुत्रा असा वागतो. मग हिसकावणे बंद, अदलाबदल सुरू. त्याने काही पकडले की पनीरचा तुकडा थोडा लांब टाकायचा. तो तिकडे गेला आणि खाऊ लागला की वस्तू उचलायची. धोक्याची नसेल तर कधी कधी परतही द्यायची. जेवताना मी लांबूनच जाते, भांड्याजवळ एक तुकडा टाकते आणि पुढे निघते. तो ताठ झाला, भराभर गिळू लागला, डोळ्यांचे पांढरे दिसू लागले, तर मी जास्त जवळ गेले, असे समजायचे. सूर्यास्तापूर्वी आमच्याबरोबर त्याचेही जेवण होते, पण वेगळ्या खोलीत, दार लावून. मुलांनी त्याच्या तोंडातले काही घ्यायचे नाही, मोठ्यांना हाक मारायची. मोजे कपाटात. अहिंसा म्हणजे लेकराला धोक्यात ठेवणे नव्हे. एवढे करूनही चावरेपणा वाढला, तर जाणकार प्रशिक्षकाला बोलवावे, पण काठी आणि काट्यांचा पट्टा वापरणाऱ्याला नको.

आता सहा महिने झाले. चिकू पूर्ण सुधारला असे म्हणणार नाही, पण परवा त्याने माझी चप्पल आपणहून पायाशी आणून टाकली आणि पनीरसाठी बघत बसला.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूवरून नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून सांगितली आहे. मोजा चिकूच्या काही कामाचा नव्हता. तरी जाईल या भीतीने त्याने तो दाबून धरला. माझ्या कपाटात दहा वर्षे न नेसलेल्या साड्या आहेत. नणंदेने एक मागितली, तेव्हा मीही मनातल्या मनात गुरगुरलेच होते की!

चिकूला व्रत घेता येत नाही. आपल्याला येते. म्हणून समजून घेण्याची जबाबदारीही आपलीच.