डीजे म्हणजे भोंगा नव्हे

मराठी भाषेत अलीकडे एका शब्दाचा अर्थ पार पालटून गेला आहे. तो शब्द म्हणजे 'डीजे'. मूळ इंग्रजीत डिस्क जॉकी म्हणजे तबकड्या निवडून, त्या एकीत एक गुंफून श्रोत्यांना ऐकवणारा माणूस. आपल्याकडे मात्र 'वरातीत डीजे लावला', 'डीजेच्या भिंती उभारल्या', 'डीजेवर बंदी घातली' असे सर्रास बोलले जाते आणि छापलेही जाते. या सर्व वाक्यांत डीजे म्हणजे गाडीवर रचलेले भोंगे. माणूस त्यातून केव्हाच गळून पडला. भाषेतून माणूस गळाला की त्याच्याविषयीचा विचारही थांबतो आणि त्याला न्याय मिळणे दुरापास्त होते. या गळून पडलेल्या माणसाची बाजू मांडण्यासाठी आज आम्ही लेखणी उचलली आहे.

आपल्या धर्मग्रामांतल्या अनेक घरांत हा वाद आता पोहोचला आहे. मुलगा किंवा मुलगी एक चपटी पेटी मागते. तिच्यावर दोन फिरत्या चकत्या, सरकत्या पट्ट्या, काही गोल कळा आणि रबरी चौकोन असतात. तिला कंट्रोलर म्हणतात. घरातील वडीलधारी माणसे तिच्याकडे पाहून तीन आक्षेप घेतात. पहिला, बटणे दाबण्यात कसली आली कला? दुसरा, हा सारा कानठळ्या बसवणारा गोंगाट आहे. तिसरा, या पेटीने आमच्या बँडवाल्यांच्या पोटावर पाय दिला. हे आक्षेप प्रामाणिक आहेत. म्हणूनच ते प्रामाणिकपणे तपासले पाहिजेत.

पहिल्या आक्षेपाचे मूळ एका समजुतीत आहे. वाद्य म्हणजे ज्याला हात लावताच नाद उमटतो ते, अशी आपली धारणा असते. कंट्रोलरमधील कळ मात्र स्वतः नाद करत नाही. ती संगणकाला केवळ संदेश पाठवते. कोणती कळ दाबली, किती जोराने दाबली, पट्टी कुठवर सरकवली, हे तो संदेश आकड्यांत सांगतो. 'मिडी' नावाच्या या सांकेतिक भाषेत जोर मोजण्याचे आकडे ० ते १२७ असे असतात. मूळ मिडी तारेतून सेकंदाला ३१,२५० अंश वाहतात. म्हणजे एक स्वर सांगायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग पुरतो. नाद निर्माण होतो तो पलीकडे, संगणकात. "मग वादक कुठे राहिला?" असा प्रश्न टीकाकार विचारतात.

त्यांना आमचा उलट प्रश्न आहे. चर्चमधला पाइप ऑर्गन कसा वाजतो? वादकाचे बोट पट्टीवर पडते, पण नाद उमटतो दूरच्या नळ्यांतून, भात्याच्या हवेने. बोटाचा आणि नळीचा स्पर्शही होत नाही. पुढे विजेच्या तारा आल्या, तेव्हा तर वादकाचे आसन एका कोपऱ्यात आणि नळ्या दुसऱ्या टोकाला ठेवता येऊ लागल्या. एका ठिकाणी कळ, दुसऱ्या ठिकाणी नाद, ही योजना आपल्या उपासनेत शतकानुशतके मानाने बसलेली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात पाइप ऑर्गनचा गौरव आहे, आणि योग्य अनुमतीने इतर वाद्यांनाही वाट मोकळी ठेवली आहे. त्याच्या साठ वर्षे आधी, २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानोला आणि ढोल, झांजा यांसारख्या वाद्यांना मनाई केली होती. कंट्रोलर मिस्सात आणावा असे आम्ही मुळीच सुचवत नाही. त्याची जागा सभागृहात आणि मांडवात आहे. आमचे म्हणणे एवढेच की नव्या वाद्याकडे संशयाने पाहण्याची सवय जुनी आहे आणि काळाने ती अनेकदा मोडीत काढली आहे.

आपल्या देशात हार्मोनियमचेही हेच झाले. युरोपातून आलेली ही पेटी भारतीय श्रुतींना पारखी आहे, असे म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. आज भजन असो वा भक्तिगीत, पेटीवाचून मैफल सुनी वाटते. त्या काळातील आक्षेप पूर्णतः निराधार होते असे नाही. पेटीवर मींड घेता येत नाही हे खरेच आहे. परंतु वाद्याची मर्यादा सांगणे वेगळे आणि वाजवणाऱ्याला कलावंतांच्या पंक्तीतून उठवणे वेगळे.

आता कला कशात आहे ते पाहू. या कलेचा एक उगम न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकात जन्मलेला कूल हर्क हा तरुण बहिणीने योजलेल्या समारंभात तबकड्या वाजवत होता. गाण्यातील ज्या तुकड्यावर नाचणारे रंगतात तो तुकडा काही क्षणांतच संपतो, हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तुकडा लांबवत नेण्याची रीत त्याने रूढ केली. गरिबांच्या वस्तीतील या मुलांपाशी वाद्यवृंद विकत घेण्याइतका पैसा नव्हता. घरातील तबकडीयंत्र हेच त्यांनी वाद्य केले. जपानमध्ये १९७२ साली घरगुती श्रोत्यांसाठी निघालेले टेक्निक्स एसएल-१२०० हे यंत्र पुढे याच मंडळींचे हत्यार बनले.

दोन गाणी एकमेकांत मिसळायची तर त्यांचे ठेके जुळावे लागतात. एका गाण्याचे मिनिटाला १२० ठोके आहेत, दुसऱ्याचे १२४. काहीच केले नाही तर मिनिटभरात ती चार ठोके दूर जातील आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतील. पहिल्याची गती सुमारे ३.३ टक्क्यांनी वाढवावी लागते. मिनिटाला एका ठोक्याच्या दहाव्या भागाइतका फरक राहिला तरी दहा मिनिटांत पुरा एक ठोका चुकतो. हे सारे एका कानाला हेडफोन आणि दुसरा कान सभागृहाकडे ठेवून साधायचे. शिवाय कोणत्या गाण्यानंतर कोणते, समेवर केव्हा यायचे, थकलेल्या आजीला बसू द्यायचे की तरुणांना आणखी घुमवायचे, हे समोरचे चेहरे वाचून ठरवायचे. ज्याने तबलजीला गायकाच्या तोंडाकडे पाहताना पाहिले आहे, त्याला हे कौशल्य निराळे समजावून सांगावे लागू नये.

येथे टीकाकार म्हणतील, आता तर 'सिंक' नावाचे एक बटण आहे. ते दाबले की यंत्र स्वतःच ठेका जुळवते. खरे आहे. त्या बटणाच्या आधारावर विसंबणाऱ्यांचे समर्थन आम्ही करणार नाही. पण ते बटण मोजून काढलेल्या एकसारख्या ठोक्यांवर चालते. जिवंत माणसांनी वाजवलेला जुना बँड, घुमटाच्या साथीने गायिलेले एखादे गोमंतकीय गीत, यांचा ठेका श्वासाप्रमाणे थोडा पुढेमागे होतो. तिथे यंत्राची जाळी घसरते आणि कानच उपयोगी पडतो. म्हणजे आपल्या मुलांनी आपलेच जुने संगीत वाजवायचे ठरवले, तर त्यांना कान तयार केल्यावाचून गत्यंतर नाही. ही आम्हांला मोठी आशेची गोष्ट वाटते.

दुसरा आक्षेप गोंगाटाचा. येथे आम्ही टीकाकारांच्या बाजूने ठाम उभे आहोत. केवळ आरोपी बदलावा असे आमचे म्हणणे आहे. कंट्रोलर भिंती हादरवत नाही. तो आकडे पाठवतो. हादरवतात ते भोंगे आणि त्यांना ताकद देणारी यंत्रे, आणि ती किती मोठ्याने वाजावीत हे बहुधा पैसे मोजणारा यजमानच ठरवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो. ५५ च्या जागी १०० डेसिबल झाले, तर आवाजाची ऊर्जा तीस हजार पटींहून अधिक वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या ठिकाणांसाठी १०० डेसिबल ही कमाल सरासरी सुचवली. कामगारांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या अमेरिकी संस्थेचा हिशेब याहून कडक आहे. ८५ डेसिबल आठ तास चालेल, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा. या हिशेबाने १०० डेसिबलला दिवसाकाठी केवळ १५ मिनिटे उरतात. आपल्या मांडवात लहान मुले तासन्तास कर्ण्यासमोर नाचतात. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. तेव्हा पालकहो, डीजेला दोष देण्यापूर्वी आपण त्याला काय सांगितले होते ते आठवा. "आवाज वाढव" असे म्हणणारा कोण होता?

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण त्यात माणसांची भाकर आहे. लग्नात दहा-बारा जणांचा बँड ज्या घरांत वाजत असे, तिथे आज एक तरुण दोन पेट्या घेऊन येतो. कॉर्नेट आणि क्लॅरिनेट खुंटीला टांगून कित्येक वादक दुसऱ्या कामाला लागले. ही हानी आहे आणि तिच्यावर पांघरूण घालणे अन्यायाचे होईल. परंतु हा निर्णय यंत्राने घेतला काय? भोजनाच्या पदार्थांची संख्या वाढत गेली, सजावटीचा खर्च वाढत गेला, आणि काटकसर करण्याची वेळ आली तेव्हा आपण वादकांवर हात आखडला. एका माणसाच्या मोबदल्यात दहांचे काम मिळते, हे गणित यजमानाने मांडले. त्याचे पाप त्या तरुणाच्या माथी मारू नये.

उपायही यंत्रातच दडला आहे. कंट्रोलरवर बोटाने ठोके देऊन गती ठरवण्याची सोय असते. ढोलवादकाने ठेका धरावा आणि डीजेने त्या ठेक्यावर बोट ठेवून यंत्राला माणसामागे चालवावे, हे आज सहज शक्य आहे. मांडवात चार बँडवाले आणि एक डीजे यांनी एकत्र वाजवले तर दोघांचीही चूल पेटेल, आणि तरुणांना जुन्या वादकांकडून ताल शिकता येईल. आपल्या धर्मग्रामांतील युवक संघांनी हा प्रयोग करावा असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

आमचा स्वतःचा आक्षेप मात्र चौथा आहे आणि तो बाजाराविषयी आहे. मिडीचा जन्म औदार्यातून झाला. १९८१ साली अमेरिकेतील डेव्ह स्मिथ यांनी वाद्यांसाठी एका समान भाषेचा प्रस्ताव मांडला. जपानमधील रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी त्याचा पाठपुरावा केला. जानेवारी १९८३ मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली. या भाषेवर कोणी मालकीहक्काचे शुल्क लावले नाही. २०१३ साली दोघांना तांत्रिक ग्रॅमी देऊन गौरवण्यात आले. २०२० साली मिडीची दुसरी आवृत्ती आली, तरी १९८३ च्या वाद्याशी बोलणे तिने थांबवले नाही. बाजार मात्र याच्या उलट वागतो. आज पुष्कळ कंट्रोलर एखाद्या ठरावीक संगणकीय प्रणालीशी बांधून विकले जातात, थोड्याफार फरकाचे नवे नमुने निघत राहतात, आणि जुना निरुपयोगी झाला अशी समजूत मुलांच्या मनात भरवली जाते. हप्त्यांवर घेतलेली महागडी पेटी ही कलेची दीक्षा नसते.

म्हणून पालकांना आमची विनंती अशी. मुलाला नकार देऊ नका, पण लगेच महाग वस्तूही देऊ नका. आधी त्याला हाताने ठेका धरून बत्तीस ठोके मोजता येतात का ते पाहा. दोन चकत्यांचा, वापरलेला, साधा कंट्रोलर आरंभाला पुरेसा असतो. सहा महिने सिंकचे बटण बंद ठेवून सराव करू द्या. कानांत घालायच्या बोळ्यांसाठी पैसे जरूर खर्च करा. आणि त्याने तयार केलेली एखादी गुंफण, स्वयंपाकघरातले काम बाजूला ठेवून, शेवटपर्यंत ऐका.

युवकांनाही एक शब्द. यजमान आवाज वाढवायला सांगेल तेव्हा 'नाही' म्हणण्याचे धैर्य ठेवा. तसे धैर्य दाखवणारे डीजे गावोगाव उभे राहिले, तर 'डीजे' हा शब्द भोंग्याकडून पुन्हा माणसाकडे येईल. शब्दाची ही परतफेड कायद्याच्या हाती नाही, तुमच्या हाती आहे.