खुब्याआधी रक्त तपासा

नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले ते 1958 साली. पूर्व विदर्भाच्या रक्तातला हा दोष वैद्यकाला ठाऊक होऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही विशीतला रुग्ण गुडघा दुखतो म्हणून ऑर्थोपेडिक ओपीडीत आला की आधी गुडघ्याचाच एक्स-रे निघतो. तो नॉर्मल येतो आणि रुग्ण वेदनाशामक गोळ्या घेऊन गावी परततो.

दुखणे असते खुब्याचे. ऑब्चुरेटर नर्व्हच्या शाखा खुब्यालाही जातात आणि गुडघ्यालाही, म्हणून वरच्या सांध्याची कळ खाली जाणवते. हे पहिल्या वर्षाला सगळेच शिकतात; गर्दीत रुग्णाला टेबलावर झोपवून मांडी आत वळवून पाहायला मात्र सवड होत नाही. पाहिले तर बहुधा तिथेच उलगडा होतो. रुग्ण तर आधीच सांगत असतो, मांडी घालून बसता येत नाही म्हणून.

मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा. मेडियल सर्कमफ्लेक्स धमनीच्या बारीक फांद्या हाडाच्या मानेवरून वर चढतात. लिगामेंटम टेरेसमधली धमनी मोठ्या माणसात नावापुरतीच. मानेचे फ्रॅक्चर सरकले किंवा अपघातात खुबा निखळला की या फांद्यांना इजा होते, म्हणूनच निखळलेला खुबा सहा तासांच्या आत बसवण्याची घाई. सिकलसेलमध्ये तेच नुकसान आतून होते. ताठर झालेल्या पेशी सूक्ष्म वाहिन्या बुजवतात, हाड मरते आणि रोजच्या वजनाखाली खचत जाते. शरीरातले पाणी घटले किंवा अंग गारठले की त्रास उसळतो. पहिल्याची सोय नागपूरचा मे महिना करतो, दुसऱ्याची भंडारा-गोंदियातली धानाची रोवणी.

सुरुवातीला एक्स-रेवर काहीच दिसत नाही, एमआरआयवर दिसते. एमआरआय महाग आहे, सोल्युबिलिटी चाचणी नाही. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण, हे एचपीएलसी सांगते. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आहे. पुष्कळांची तपासणी झालेलीही असते, फक्त अस्थिरोगतज्ज्ञाने विचारलेले नसते.

कोअर डिकम्प्रेशनवर फार भिस्त नको. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत सिकलसेलच्या रुग्णांना डिकम्प्रेशनसह फिजिओथेरपी आणि नुसती फिजिओथेरपी यांत तीन वर्षांनी ठोस फरक आढळला नाही. चाचणी लहान होती, तेवढ्यावरून ही शस्त्रक्रिया मोडीत काढू नये. पण ‘भोक पाडले की बरे होईल’ असे रुग्णाला सांगणेही प्रामाणिकपणाचे नाही.

डोके खचल्यावर खुबा बदलणे उरते, आणि या रुग्णात ते नेहमीचे ऑपरेशन नसते. मज्जापोकळी कडक आणि अरुंद झालेली असते; रीमर वाट सोडून हाडाबाहेर निघू शकतो. गाइडवायर, सी-आर्म आणि लहान मापाचे स्टेम सुरुवातीपासून हाताशी हवेत. संसर्गाचा धोकाही जास्त. भूलतज्ज्ञाला आणि रक्तपेढीला आदल्या संध्याकाळी कळवून भागत नाही, कारण अनेकदा रक्त चढवलेल्या रुग्णाला जुळणारी पिशवी मिळायला वेळ लागतो. हिमोग्लोबिन दहापर्यंत आणणे बहुधा पुरते. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात त्याहून आक्रमक रक्तबदलाने शस्त्रक्रियेतली गुंतागुंत कमी झाली नव्हती. सलाइन वेळेत सुरू हवे, ऑक्सिजन पुरेसा हवा, आणि थिएटरचा एसी सर्जनच्या घामाकडे पाहून नव्हे, रुग्णाच्या तापमानाकडे पाहून लावावा.

कागदाचाही एक मुद्दा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत सिकलसेलची स्वतंत्र नोंद आहे. खुबा खचलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर चालण्यातल्या अडचणीबरोबर रक्ताचे निदानही लिहावे आणि एचपीएलसीचा अहवाल सोबत जोडावा.