करार एसयूव्हीचा, सवाल पिकअपचा

महिंद्रा आणि फोक्सवॅगन या बड्या कंपन्यांनी 2022 साली हातमिळवणी केली. फेब्रुवारी 2024 मध्ये पुरवठ्याचा करार झाला. महिंद्राच्या विजेच्या एसयूव्हींसाठी फोक्सवॅगन काही सुटे भाग आणि बॅटरीचे घट देणार. मोटर आणि बॅटरी एकट्याने विकसित करणे महाग पडते, खर्च वाटला की गाडी परवडते. गणित बरोबर आहे. आमचा सवाल एवढाच की, हा फायदा कोणाच्या दारात उतरणार?

हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्यावरून सोयाबीन, हळद वाहणारा पिकअप डिझेलवरच धावतो. यापैकी कोणत्याही बाजारात जाऊन परतणे शंभर किलोमीटरच्या आत होते. टाटांनी 2022 मध्ये आणलेल्या विजेच्या छोट्या 'एस'ची प्रमाणित धाव 154 किलोमीटर होती. पण ती सुमारे सहाशे किलोच वाही. दीड टनाच्या पिकअपसाठी अशी भागीदारी का नको?

मजूरमंत्री असताना 1943 साली बाबासाहेबांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला होता. गरिबीतून बाहेर पडण्याचा मार्ग उद्योगातून जातो आणि उद्योगाला वीज लागते, हे त्यांनी ओळखले होते.

राज्याने 2025 मध्ये विजेच्या वाहनांचे नवे धोरण आणले. सवलत जनतेच्या पैशाची आहे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: सवलतीचा पहिला हक्क पोट भरणाऱ्या गाडीचा. पिकअपवाल्याला कमी व्याजाचे कर्ज आणि नाक्यावर चार्जिंगची सोय द्या. नाहीतर धूर आमच्या वाट्याला आणि वीज बंगल्याच्या!